इंग्लंडच्या क्रिकेटचा अमेरातमधून उद्धार

इंग्लंडच्या क्रिकेटचं वाटोळं नेमकं कशामुळे झालं, हे उल्हासराव खांबेट्यांना पक्कं ठाऊक होतं. अडचण एवढीच होती, की मस्कतमध्ये ते ऐकून घ्यायला कुणी तयार नव्हतं. ऑफिसात त्यांनी विषय काढला की समोरच्याला हटकून साइटवरून फोन यायचा. घरी कल्पनाताईंनी "इंग्लंडचं तुम्ही बघा, कुकरचं मी बघते" अशी सरळ वाटणी करून टाकली होती. अकरावीतली मैथिली तेवढी कधीमधी विचारायची, "बाबा, बट व्हाय इंग्लंड? आपण इंडियाचे आहे ना?"

प्रश्न रास्त होता. उल्हासराव एका सल्लागार कंपनीत एसीच्या डक्टचे नकाशे तपासत. फार पूर्वी कंपनीने त्यांना ट्रेनिंगसाठी इंग्लंडमधल्या एका पावसाळी गावात पाठवलं होतं. तिथे एका रविवारी ते काउंटीचा सामना बघायला गेले आणि दिवसभर ताडपत्री बघून परत आले. पण शेजारच्या म्हाताऱ्याने थर्मासमधला चहा दिला आणि विचारलं, "तुमच्या मते आता काय करायला हवं?" त्या क्षणापासून उल्हासराव त्या काउंटीचे झाले. ती काउंटी बहुतेक वेळा तक्त्याच्या तळाशी असायची, त्याला त्यांचा इलाज नव्हता.

खरं कारण मात्र त्याहून खोल होतं, आणि ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. माणसाला कशाबद्दल तरी मत द्यायला मिळालं पाहिजे. ओमानमध्ये उल्हासराव पाहुणे. पाहुण्याने यजमानाच्या घरातल्या फर्निचरची जागा बदलू नये, एवढं त्यांना कळत होतं. पुण्याला गेलं की भाऊ म्हणायचा, "तू बाहेरचा, तुला इथलं काय माहीत?" ऑफिसात त्यांच्या मताचं खातंच नव्हतं. राहता राहिलं भारतीय क्रिकेट, तर तिथे मत देणाऱ्यांची रांग कन्याकुमारीपर्यंत. इंग्लंडच्या क्रिकेटमध्ये मात्र जागा मोकळी होती. तिथे ते नागरिक होते.

हे नागरिकत्व त्यांना मिळालं होतं इंटरनेटवर, त्या काउंटीच्या चाहत्यांच्या एका चर्चामंडळात. तिथे कुणी खऱ्या नावाने लिहीत नसे. उल्हासराव होते 'मस्कत मिड-ऑन'. 'डॅम्प स्वेटर' नावाचा एक समजूतदार गृहस्थ होता, 'ग्रॅनीज अंब्रेला' नावाची एक प्रेमळ बाई होती, आणि 'थर्ड मॅन' नावाचा एक खवट माणूस होता, जो उल्हासरावांचा प्रत्येक मुद्दा खोडून काढायचा. काउंट्या फार झाल्या का, चार दिवसांचे सामने थंडीगारठ्याच्या महिन्यांत का ढकलले, क्रिकेट पैसे भरून बघायच्या वाहिन्यांवर गेल्यामुळे पोरांनी ते पाहिलंच नाही त्याचं काय, यावर तिथे रोज खल चाले. इंग्लंडच्या बोर्डाने शंभर चेंडूंची नवी स्पर्धा जाहीर केल्यावर तर मंडळात सुतकच पडलं. आणि अशा वेळी कुणीतरी हमखास लिहायचं, "यावर मस्कतचं काय म्हणणं आहे?"

ते वाक्य वाचलं की उल्हासरावांची मान दिवसभर ताठ राहायची. जगात एवढ्या एकाच ठिकाणी त्यांना कुणीतरी विचारत होतं.

आता, माणसाला विचारणारं कुणी भेटलं की तो थोडं वाढवून सांगतो. थर्ड मॅनने एकदा लिहिलं, "मस्कतच्या गृहस्थांच्या सुधारणा कागदावर छान आहेत. प्रत्यक्षात कुठे चालतात का?" त्यावर उल्हासरावांनी तावातावाने लिहून टाकलं, की हो, चालतात, मस्कतजवळच्या अल अमेरातच्या आमच्या क्लबात त्या कधीच्या लागू आहेत. आमच्याकडे टॉस रद्द आहे, आधी बॅटिंग की बोलिंग हे पाहुणा संघ ठरवतो. तिकीट नाही. अख्खी कुटुंबं सामना बघायला येतात. इंग्लंडसारख्या दोन डिव्हिजन आहेत, पण वर-खाली गुणांवर ठरत नाही; दर मोसमाच्या शेवटी वरच्या-खालच्यांचा थेट सामना होऊन एक वर चढतो, एक खाली येतो.

खरी परिस्थिती अशी, की दर शुक्रवारी सकाळी अमेरातमधल्या एका मोकळ्या खडकाळ प्लॉटवर दोन टोळकी टेनिस बॉलने खेळायची. एक उल्हासरावांच्या बिल्डिंगमधल्या पुणे-मुंबईकरांचं, आणि दुसरं मस्कतमधल्या मत्रहच्या बाजारात भांड्यांचं दुकान असलेल्या हुसैनमियाँचं, ज्यात सगळे रत्नागिरीकडचे. ओव्हर किती, हे कुणी ठरवत नसे. जुम्याच्या नमाजाची वेळ जवळ आली की हुसैनमियाँ घड्याळाकडे बघून "खलास" म्हणायचे, आणि त्या क्षणी जो पुढे असेल तो जिंकला. बाजूच्या बंगल्याच्या गच्चीवरच्या निळ्या टाकीला बॉल थेट लागला तर बॅट्समन आउट, कारण तिथले आजोबा बॉल परत देत नसत.

जानेवारी दोन हजार एकोणीसच्या सुरुवातीला डॅम्प स्वेटरचा निरोप आला. त्याचं खरं नाव डेरेक. तो समुद्रसफरीवर निघाला होता, बोट एका शुक्रवारी सकाळी मत्रहच्या बंदराला लागणार होती. "तुमच्या क्लबाबद्दल आम्ही सगळे इतकं बोललो आहोत, की तो बघितल्याशिवाय परतणं बरं दिसणार नाही. वर-खाली होण्याचा तो सामना बघायला मिळाला तर आनंद होईल."

उल्हासरावांनी निरोप पुन्हा पुन्हा वाचला. मग कल्पनाताईंना वाचून दाखवला.

"बरं मग, येऊ देत की," कल्पनाताई म्हणाल्या. "माणूस घरी येतोय. वडे करते."

"अगं, वड्यांचं काय घेऊन बसलीस? क्लब कुठून आणू?"

"अहो, पण तुम्ही लिहिलंच कशाला तसं?"

उल्हासरावांना दिसत होतं ते एवढंच, की डेरेक परत गेल्यावर मंडळात लिहील, मस्कतचा माणूस थापाड्या निघाला. मग ते वाक्य पुन्हा कुणी लिहिणार नाही. यावर मस्कतचं काय म्हणणं आहे, हे पुढे उभ्या जन्मात कुणी विचारणार नाही.

वरच्या मजल्यावरचे दयानंद शिरगावकर, जे पुणे-मुंबई संघाचे कॅप्टन आणि व्यवसायाने हिशेबनीस होते, त्यांनी सल्ला दिला, "शामियाना घाला. पांढरा शामियाना दिसला की इंग्रजाला आपल्या घरी आल्यासारखं वाटतं." सल्ला दयानंदांचा असल्यामुळे खर्च आणि खटपट उल्हासरावांची, हे ओघानेच आलं. सरकारी जागेवर शामियाना घालायचा तर परवानगी हवी, म्हणून ते बलदियात, म्हणजे तिथल्या नगरपालिकेत गेले. तिथे हसन नावाचे एक अतिशय सभ्य अधिकारी होते. त्यांनी आधी कॉफी दिली, मग खजूर दिला, मग तब्येत विचारली, मग मुलाबाळांची तब्येत विचारली, आणि मग हिंदीत विचारलं, "बोलो, क्या काम है?"

उल्हासरावांनी काम सांगितलं. इंग्लंडच्या क्रिकेटमध्ये सुधारणा व्हावी, म्हणून अमेरातमध्ये शामियाना घालायचा आहे.

हसनांनी आणखी एक कॉफी ओतली. इंग्लंडसाठी अमेरातच्या बलदियाने काय करावं, याचा नियम त्यांच्या माहितीत नव्हता. "कार्यक्रम असेल तर दुसऱ्या ऑफिसची परवानगी लागेल," ते म्हणाले. "ती इन्शाल्ला पुढच्या महिन्यात येईल. पण फॅमिली पिकनिक असेल तर काहीच लागत नाही. आप पिकनिक करो. शुक्रवारी? सकाळी? छान."

उल्हासरावांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि आपल्याकडच्या शिष्टाचाराप्रमाणे "तुम्हीही या ना" म्हणाले. आपल्याकडे हे वाक्य उठताना म्हणायचं असतं. ते कुणी मनावर घेत नाही.

अशा रीतीने क्लबाची अडचण सुटली. मग डिव्हिजनची सुरू झाली.

बैठक हुसैनमियाँच्या घरी बसली. हुसैनमियाँ साठीचे, दाढी मेंदीने रंगवलेली, आवाज दुकानात मोठ्या पातेल्यांवर तयार झालेला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "उल्हासभाव, येक सांगा. ही दुसरी डिविजन म्हंजे खालची ना?"

"खालची नव्हे हो. दुसरी."

"मंग पयल्या डिविजनवाले तिच्यात येताना 'खाली आले' असा कशाला बोलतात?"

उल्हासराव दयानंदांकडे बघू लागले.

"आमी लोक टेनिस बॉलचे कप आनलेले. त्या पाव्हन्यासमोर आमाला खालचे बोलनार तुमी? नाय. शिरगावकर जाऊ देत खाली."

"मी?" दयानंद ताडकन उठले. "माझ्या संघात दोन इंजिनियर आणि एक दाताचा डॉक्टर आहे!"

"मंग? दात पाडून रन निघतात?"

प्रकरण हातघाईवर आलं. टॉस करावा, असं कल्पनाताईंनी सुचवलं, पण आपल्या क्लबात टॉस रद्द आहे, याची उल्हासरावांनी त्यांना आठवण दिली. इंग्लंडमध्ये वर-खाली होण्याची पद्धत कशी न्याय्य आहे, यावर त्यांनी मंडळात आजवर पानंच्या पानं लिहिली होती. पण खाली जाणारा माणूस समोर सोफ्यावर बसलेला असतो आणि त्याची दाढी रागाने थरथरत असते, हा मुद्दा त्या पानांत कुठेच आला नव्हता. त्यांना तो आता पहिल्यांदा जाणवला आणि त्यांनी तो झटकून टाकला, कारण शुक्रवार जवळ आला होता.

शेवटी आतून हुसैनमियाँच्या पत्नी शहनाजभाभींनी तोडगा काढला. "दुसऱ्या डिविजनला माज्या हातची बिर्यानी. पयलीला घरून डबा आनायचा."

मग दयानंद घसा खाकरून म्हणाले, "तसं पाहिलं तर दुसरी डिव्हिजन ही खरी मेहनती खेळाडूंची असते. आम्ही घेतो."

"वा! बिर्यानी आमच्या घरची आनि डिविजन तुमची?" हुसैनमियाँ म्हणाले. "दुसरी डिविजन आमची. खलास. पन सामना आमी जिंकनार, वर चडनार, आनि शिरगावकर सगल्यांसमोर खाली जानार. हे पाव्हन्याला आधी सांगून ठेवा."

पुढचे दिवस तयारीत गेले. गणपतीच्या मखराचं पांढरं कापड चार काठ्यांवर ताणून पॅव्हेलियन झालं. सगळ्यांनी पांढरं घालावं असं ठरलं. कुणाला मुलाची पीटीची पँट आखूड झाली, कुणी लेंग्यावर आला. डेरेकच्या निरोपात "आम्ही सगळे" असं होतं, म्हणून बरोबर आणखी मंडळी असतील या हिशेबाने उल्हासरावांनी दोन रांगा भरतील इतक्या खुर्च्या मांडल्या. "आणि आरडाओरडा नको," त्यांनी दोन्ही संघांना बजावलं. "समोरच्याने चांगला फटका मारला की टाळ्या वाजवायच्या."

"समोरच्याने?" हुसैनमियाँनी खात्री करून घेतली.

शुक्रवारी बंदराच्या फाटकाशी शटल बसमधून डेरेक उतरला. उंच, वाळका, सत्तरीच्या पलीकडचा, डोक्यावर कापडी टोपी. त्याने उल्हासरावांचा हात बराच वेळ हलवला. बाकीचे कुठे, असं उल्हासरावांनी विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "बाकीच्यांना नाही जमलं." आणि गाडीत बसला.

एवढ्या खुर्च्यांसमोर एकटा डेरेक बसला आणि उल्हासरावांचा जीव कासावीस झाला. कुटुंबं येतात, असं त्यांनी लिहिलं होतं. कुटुंब म्हणावं तर वडे तळणाऱ्या कल्पनाताई होत्या, आणि मोबाइलमध्ये मान खुपसलेली मैथिली होती, जी मधूनच "धिस इज सो एम्बॅरेसिंग" असं पुटपुटत होती. तेवढ्यात धूळ उडवत एक मोठी गाडी आली. तिच्यातून पांढऱ्याशुभ्र पायघोळ दिशदाशातले हसन उतरले, मागून त्यांची बायको, आई, बहिणी आणि मोजता येणार नाहीत इतकी मुलं. हातात हलव्याचं भलंमोठं ताट. बोलावलं म्हणून माणूस पिकनिकला आला होता! दोन्ही रांगा भरल्या. पिकनिकला स्कोअरबोर्ड कशाला, असं बलदियाचा माणूस विचारील, म्हणून दयानंदांनी घाईघाईने त्यावर चटई टाकली. हसनांनी स्वतः उठून ती बाजूला केली, कारण त्यांना स्कोअर दिसत नव्हता.

"नेहमी एवढी गर्दी असते?" डेरेकने विचारलं.

"आज जरा कमीच आहे," उल्हासराव म्हणाले.

सामना सुरू झाला तो इतक्या शांततेत, की बॉलच्या आधी पाण्याच्या टँकरचा आवाज ऐकू यायचा. दयानंद बोल्ड झाले, तेव्हा त्यांच्याच संघाने टाळ्या वाजवल्या आणि ते जन्माचे दुखावले गेले. मग त्यांच्या दाताच्या डॉक्टरांनी एक उंच फटका मारला. बॉल निळ्या टाकीवर जाऊन आदळला. इंग्लंडमध्ये हा षटकार झाला असता. इथे हुसैनमियाँ दोन्ही हात वर करून "आउट!" असे ओरडले, की हसनांचं धाकटं मूल रडायला लागलं. डॉक्टर जागचे हलेनात. पाहुण्यासमोर तरी षटकार द्या, असं त्यांचं म्हणणं.

"हा कोणता नियम?" डेरेकने विचारलं.

"स्थानिक नियम आहे," उल्हासराव कपाळावरचा घाम पुसत म्हणाले. "जमिनीलगतच्या फटक्यांना उत्तेजन मिळावं म्हणून."

डेरेकने गंभीरपणे मान डोलावली. त्यानंतर शांतता टिकली नाही. नियम, टाळ्या, शिष्टाचार सगळं वाऱ्यावर गेलं आणि नेहमीचा शुक्रवार सुरू झाला. ओरडत, भांडत, धावत हुसैनमियाँचा संघ धावसंख्या ओलांडून गेला, त्यांनी घड्याळ पाहिलं, "खलास" म्हणाले, आणि सगळ्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. "वर चडलाव! वर चडलाव!" हुसैनमियाँ डेरेकला सांगत होते आणि त्याचा हात गदागदा हलवत होते. मग मंडळी हातपाय धुऊन मशिदीकडे गेली. हसनही मुलांना घेऊन गेले. मागे राहिला तो खाली गेलेला संघ. दयानंदांनी बॅट गाडीत फेकली, दार आपटलं आणि कुणाशी एक शब्द न बोलता निघून गेले. पुढे कित्येक दिवस ते लिफ्टमध्ये उल्हासरावांकडे पाठ करून उभे राहत. खोटी डिव्हिजन, खोटा क्लब, पण खाली जाण्याचं दुःख खरं होतं.

डेरेकने शहनाजभाभींची बिर्याणी घामाघूम होत खाल्ली, हलवा खाल्ला, वडे खाल्ले. दुपारी उल्हासराव त्याला वादी अदैच्या रस्त्याने मत्रहला पोचवायला निघाले. बंदराच्या फाटकाशी गाडी थांबली तरी डेरेक उतरला नाही.

"तुम्हाला एक सांगायचं आहे," तो म्हणाला. "मंडळात आता कुणी राहिलेलं नाही."

"म्हणजे?"

"लोक होते पूर्वी. पुष्कळ होते. काही गेले, काही कंटाळले, काही चार दिवसांचे सामने थंडीत ढकलले म्हणून चिडून क्रिकेटच सोडून बसले. गेली दोन-तीन वर्षं तुम्ही आहात आणि मी आहे."

उल्हासराव हसले. "असं कसं? ग्रॅनीज अंब्रेला आहे की."

"ती माझी बायको होती. ती गेल्यावर तिच्या नावाने मी लिहू लागलो. बंद करवेना."

उल्हासरावांनी गाडीचा एसी उगीचच कमीजास्त केला. "मला वाईट वाटलं, डेरेक," ते म्हणाले. मग अगदी हळू, "आणि थर्ड मॅन?"

"तोही मीच."

"पण तो मला मूर्ख म्हणाला होता. वर-खालीच्या सामन्याच्या वेळी."

"हो."

"आणि तुम्ही, म्हणजे डॅम्प स्वेटरने, त्याला खडसावलं होतं. माझी माफी मागायला लावली होती."

"तुम्ही निघून जाल अशी भीती वाटली," डेरेक म्हणाला. "वाद झाला नाही तर कंटाळून जाल, आणि फार झाला तर दुखावून जाल. दोन्ही सांभाळायला निदान तीन माणसं लागतात."

उल्हासरावांचा चेहरा पडला. "मग तुमचं खरं मत कोणतं होतं?"

डेरेकने प्रामाणिकपणे विचार केला. "थर्ड मॅनचं," तो म्हणाला. "तुमची एका सामन्यावर वर-खाली ठरवण्याची योजना मला कधीच पटली नाही. माझी काउंटी कायमची खाली गेली असती." मग दार उघडता उघडता म्हणाला, "आज दोन्ही बाजूंचा विकेटकीपर एकच होता. टोपी बदलून येत होता. छान पकडत होता." आणि हात वर करून तो फाटकातून आत गेला.

घरी येईपर्यंत उल्हासरावांच्या मनात रागच राग होता, आणि घरी आल्यावर त्याची जागा लाजेने घेतली. ज्या सभेत आपण इतकी वर्षं भाषणं ठोकली, तिथे एकच म्हातारा बाकं बदलून बसत होता. मस्कतचं काय म्हणणं आहे, असं इंग्लंडने कधी विचारलंच नव्हतं. त्यांनी मंडळ उघडणं बंद केलं. एकदा न राहवून उघडलं, तर तिथे कुणाचंच काही नव्हतं. तिघेही एकदम गप्प झाले होते. इंग्लंडचा संघ तेव्हा वेस्ट इंडिजमध्ये कसोटी हरला होता, आणि त्यावर एक ओळ नाही. असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

"एकच माणूस," ते कल्पनाताईंना म्हणाले. "इतकी वर्षं मी एका माणसाशी बोलत होतो."

"पण तो ऐकत होता ना?" कल्पनाताई कोथिंबीर निवडत म्हणाल्या. "इथे मीही एकटीच आहे. मी तरी कुठे ऐकते?"

त्या हे सहज म्हणाल्या आणि कोथिंबीर घेऊन आत गेल्या. उल्हासरावांना मात्र तो म्हातारा दिसू लागला. सकाळी उठून एका नावाने मुद्दा लिहायचा, दुपारी दुसऱ्या नावाने तो खोडायचा, संध्याकाळी बायकोच्या नावाने दोघांची समजूत घालायची. हे सगळं कशासाठी, तर हजारो मैलांवरचा, कधीही न पाहिलेला, डक्टचे नकाशे तपासणारा एक माणूस उठून जाऊ नये. आपल्यासाठी एवढे कष्ट कुणी घेतल्याचं उल्हासरावांना आठवेना.

शनिवारी दुपारी त्यांनी मैथिलीला हाक मारली. "जरा इकडे ये गं. मला एक नवीन माणूस तयार करायचाय."

"व्हॉट?"

"मंडळात. वेगळ्या नावाने. कसं करतात ते दाखव."

मैथिलीने सगळं ऐकून घेतलं. या खेपेला तिने एम्बॅरेसिंग म्हटलं नाही. "तो माणूस एकटी आहे?" तिने विचारलं, आणि कुणी चूक सुधारायच्या आत खुर्ची ओढून बसली.

नव्या सभासदाचं नाव 'वेट आउटफिल्ड' ठरलं. स्वभाव तिरसट ठेवायचा, हेही ठरलं. त्याने पहिल्याच दिवशी 'मस्कत मिड-ऑन'वर हल्ला चढवला. वर-खाली होण्याच्या योजना लिहिणाऱ्या या गृहस्थांनी खाली जाणाऱ्या माणसाचा चेहरा कधी पाहिला आहे का, असं त्याने विचारलं. जो खाली जातो तो पुढच्या वर्षी सुधारून येतो हे कागदावर ठीक; प्रत्यक्षात तो बॅट गाडीत टाकतो आणि लिफ्टमध्ये पाठ फिरवून उभा राहतो. लिहिता लिहिता उल्हासराव थबकले. आयुष्यात पहिल्यांदाच ते स्वतःच्या विरुद्ध बोलत होते, आणि मुद्दे बिनतोड होते.

चहा होईपर्यंत काही आलं नाही. उल्हासराव गॅलरीत जाऊन आले, पुन्हा बसले. कल्पनाताईही पदराला हात पुसत मागे येऊन उभ्या राहिल्या. मग पडद्यावर उत्तर उमटलं.

"नव्या सभासदाचं स्वागत. मुद्दा चांगला आहे. परंतु मस्कतच्या गृहस्थांशी भांडायचं असेल तर कृपया रांगेत उभे राहा. माझा नंबर आधी आहे."

खाली स्वेटर नव्हता, छत्री नव्हती. नुसतं लिहिलं होतं, डेरेक.

"त्यांना कळलं असेल का हो?" कल्पनाताईंनी हळूच विचारलं.

"इंग्रज आहे," उल्हासराव चष्मा पुसत म्हणाले. "कळलं तरी दाखवायचा नाही."

मग त्यांनी चष्मा लावला, खुर्ची पुढे ओढली आणि आधी कोणत्या नावाने उत्तर द्यावं, याचा विचार करत बसले. कल्पनाताईंनी न सांगता आणखी एक कप चहा टाकला.